मॅकडॉवेल काउंटी : माणसे गेली, नळ राहिले

आपल्याकडील कोणत्याही जिल्ह्याचा विकास आराखडा उघडून पाहावा. पहिल्या दोन-चार पानांत लोकसंख्येचा तक्ता असतो, त्याखाली पुढील वीस वर्षांचा अंदाज असतो, आणि तो अंदाज नेहमी चढताच असतो. शाळाखोल्या, रुग्णालयातील खाटा, जलशुद्धीकरण केंद्राची क्षमता, इतकेच काय तर तहसील कार्यालयातील मंजूर पदे, हे सर्व त्या चढत्या रेषेला टांगलेले असते. ती रेषा उतरू लागली तर काय करावे हे आम्हां प्रशासनातील मंडळींना कुणी शिकवलेले नाही. तशी वेळ आपल्यावर यायची नाही असेच आपण गृहीत धरलेले आहे. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या एका ग्रामीण काउंटीचा अभ्यास मी काही काळापासून करतो आहे, तो याच कारणाने.

मॅकडॉवेल हे तिचे नाव. राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला, व्हर्जिनियाच्या सीमेला लागून ही काउंटी आहे. क्षेत्रफळ सुमारे १,३८५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या धनबाद जिल्ह्याहूनही लहान. १९५० च्या जनगणनेत येथे ९८,८८७ लोक होते. २०२० मध्ये १९,१११ उरले. सत्तर वर्षांत पाचांतले चारांहून अधिक लोक कमी झाले. युद्ध झाले नाही, धरणाखाली जमीन गेली नाही, साथही आली नाही.

भूगोलापासून सुरुवात करणे सोयीचे, कारण येथील पुष्कळशी कोडी भूगोलानेच घातलेली आहेत. हा ॲपलेशियन पर्वताचा पठारी भाग, पण पठार हा शब्द फसवा आहे. पाण्याने हे पठार इतके कोरून काढले आहे की सपाट म्हणावी अशी जमीन ओढ्या-नद्यांच्या काठाच्या चिंचोळ्या पट्टीतच सापडते. त्या पट्टीत नदी, लोहमार्ग, रस्ता आणि घरे अशी चौघांची दाटी. एल्कहॉर्न क्रीक टग फोर्क नदीला जेथे मिळते तेथे वेल्च हे काउंटीचे मुख्यालय वसले आहे. बाकी सगळे डोंगर, आणि डोंगरांच्या पोटात दगडी कोळसा. पोकाहोंटास थर या नावाने ओळखला जाणारा हा कोळसा अत्यंत उच्च प्रतीचा, धूर कमी करणारा. पोलादासाठी लागणारा कोक त्यापासून उत्तम बनत असे आणि अमेरिकी नौदलाची त्यावर विशेष मर्जी होती.

काउंटी स्थापन झाली १८५८ मध्ये. तेव्हा हा मुलूख व्हर्जिनियाचाच भाग होता आणि जेम्स मॅकडॉवेल या माजी गव्हर्नरचे नाव तिला देण्यात आले. यादवी युद्धाच्या काळात, १८६३ मध्ये, वेस्ट व्हर्जिनिया हे वेगळे राज्य झाले आणि काउंटी त्यात गेली. १८८० च्या जनगणनेत येथे केवळ ३,०७४ माणसे होती : डोंगरउतारावर मका पिकवणारी, शिकार करणारी, बाहेरच्या जगाशी फारसे देणेघेणे नसलेली. मग नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वे आली. १८८८ च्या सुमारास तिने फ्लॅट टॉप डोंगर बोगद्याने फोडला, १८९२ पर्यंत तिचे रूळ ओहायो नदीपर्यंत पोहोचले, आणि आकडे पळू लागले. १९०० मध्ये १८,७४७, १९१० मध्ये ४७,८५६, १९३० मध्ये ९०,४७९. पन्नास वर्षांत सुमारे तीसपट.

ही माणसे आली कोठून? अलाबामा, व्हर्जिनिया, कॅरोलायना येथून कृष्णवर्णीय शेतमजूर आले. इटली, हंगेरी, पोलंड येथून स्थलांतरित आले. दक्षिणेकडील राज्यांनी कृष्णवर्णीयांचा मताधिकार कायद्याच्या पळवाटांनी काढून घेतला होता, वेस्ट व्हर्जिनियाने तो काढला नाही. शाळा मात्र येथेही वेगळ्याच होत्या. परिणामी या आडवाटेच्या काउंटीत कृष्णवर्णीयांचे राजकीय वजन निर्माण झाले. अमेरिकेतील कोणत्याही विधिमंडळात बसणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री, मिनी बकिंगहॅम हार्पर, ही १९२८ मध्ये नियुक्त झालेली मॅकडॉवेलची प्रतिनिधी. त्याच वर्षी किंबॉल या गावात पहिल्या महायुद्धातील कृष्णवर्णीय सैनिकांचे स्मारक-भवन उभे राहिले. इतिहासाची पुस्तके चाळताना या गोष्टी मला अनपेक्षितपणे भेटल्या, म्हणून नोंदवून ठेवतो.

कोळशाच्या वस्त्या कंपनीच्या मालकीच्या असत. घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, दवाखाना कंपनीचा, पाण्याची टाकी कंपनीची. पगाराचा काही भाग कंपनीने पाडलेल्या नाण्यांत मिळे आणि ती नाणी कंपनीच्याच दुकानात चालत. युनायटेड स्टेट्स स्टील या बलाढ्य कंपनीने १९०२ पासून वसवलेल्या गावाला तर तिच्या अध्यक्षाचेच नाव मिळाले : गॅरी. जमिनीची बहुतांश मालकी रेल्वेच्या उपकंपनीकडे आणि तिच्यासारख्या बाहेरच्या भूकंपन्यांकडे गेली होती. खाणी चालवणारे भाडेपट्टेदार होते आणि राहणारे लोक भाडेकरू. काम जीवघेणे होते. १९४० च्या जानेवारीत बार्टली येथील एकाच स्फोटात ९१ कामगार मेले. संघटना करू पाहणाऱ्यांची गत काय होई हे वेल्चच्या न्यायालयाच्या पायऱ्यांनी १ ऑगस्ट १९२१ रोजी पाहिले. खाणमालकांच्या खासगी पहारेकऱ्यांशी वैर पत्करलेला मेटवनचा पोलीसप्रमुख सिड हॅटफिल्ड तेथे दिवसाढवळ्या गोळ्या घालून मारला गेला, आणि त्यातून ब्लेअर माउंटनचा सशस्त्र लढा पेटला. तो इतिहास पुष्कळांनी लिहिलेला आहे. येथे त्यात शिरत नाही.

माझा विषय आहे शिखरानंतरचा. १९४१ मध्ये वेल्च नगरपालिकेने मोटारी ठेवण्यासाठी स्वतःच्या मालकीची बहुमजली इमारत बांधली. अशी ती देशातील पहिलीच मानली जाते. गावात गाड्या लावायला जागा पुरेना म्हणून नगरपालिकेला इमला उभारावा लागतो, इतकी ती भरभराट होती. आणि दहा वर्षांत उतार सुरू झाला.

उताराचे कारण कोळसा संपला हे नव्हे. १९४८ च्या सुमारास कोळसा कापून तो सरळ वाहकपट्ट्यावर टाकणारे अखंड खननयंत्र बाजारात आले. १९५० मध्ये खाणकामगार संघटनेचे अध्यक्ष जॉन एल. लुईस यांनी मालकांशी राष्ट्रीय करार केला. त्याचा व्यवहार साधारण असा होता : संघटना यांत्रिकीकरणाला आडवी येणार नाही, त्या बदल्यात मालक वाढीव मजुरी देतील आणि प्रत्येक टन कोळशामागे कल्याणनिधीत ठरावीक रक्कम भरतील. ज्यांची नोकरी टिकली त्यांचे भले झाले. ज्यांची गेली त्यांना या करारात जागाच नव्हती. संपूर्ण राज्यातील खाणकामगार सव्वा लाखाच्या घरातून १९६० च्या दशकाच्या आरंभी पन्नास हजारांच्या खाली आले. मॅकडॉवेलची लोकसंख्या १९६० मध्ये ७१,३५९ आणि १९७० मध्ये ५०,६६६ झाली. १९७३ च्या तेलसंकटाने कोळशाला पुन्हा भाव आला आणि घसरण दशकभर जवळपास थांबली. मग पोलाद उद्योग मोडकळीस आला. १९८६ मध्ये गॅरीच्या खाणी बंद पडल्या आणि एका फटक्यात बाराशेहून अधिक नोकऱ्या गेल्या. १९९० चा आकडा ३५,२३३.

या कोसळण्याच्या काळात वॉशिंग्टन स्वस्थ बसले होते असे म्हणता येणार नाही. १९६० च्या प्राथमिक निवडणुकीच्या प्रचारात जॉन केनेडी या भागात फिरले. बेकार खाणकामगारांच्या घरी सरकारी शिध्यातील पीठ आणि चरबी यांवर चाललेला संसार त्यांनी पाहिला. अध्यक्ष झाल्यावर त्यांनी काढलेला पहिला कार्यकारी आदेश गरजूंच्या शिध्याचे प्रमाण आणि वैविध्य वाढवण्याविषयीचा होता. पाठोपाठ अन्नमुद्रांकांची प्रायोगिक योजना आली, आणि तिचे पहिले मुद्रांक २९ मे १९६१ रोजी कृषिमंत्री ऑरव्हिल फ्रीमन यांनी वेल्च येथे दिले : १५ माणसांच्या एका घराला ९५ डॉलरचे. १९६४ मध्ये त्याचा कायदा झाला. आरंभी लाभार्थ्याला हे मुद्रांक काही रक्कम भरून विकत घ्यावे लागत. अगदी गरिबांना तेवढीही रक्कम जमत नाही हे ध्यानात येऊन ती अट १९७७ च्या कायद्याने काढली गेली. आपल्या शिधापत्रिकेच्या इतिहासाशी परिचय असलेल्यांना या सुधारणेत ओळखीचे बरेच काही दिसेल. देशभरातील कोट्यवधी लोकांना आज अन्न मिळवून देणारी ही योजना ज्या गावात जन्मली, ते गाव मात्र रिकामे होत गेले.

येथे मला माझ्याच विषयाशी भांडायचे आहे. एम.ए.च्या वर्गात आम्हांला जे शिकवले गेले त्याचा गोषवारा असा, की जेथे काम संपले तेथून श्रमिकाने उठून काम असेल तेथे जावे. मदत माणसाला द्यावी, जागेला देऊ नये. मरणाऱ्या जागेवर पैसा ओतणे म्हणजे माणसांना तेथे अडकवून ठेवणे. तर्क सुबक आहे आणि पुष्कळ अंशी खराही आहे. मॅकडॉवेल सोडून डेट्रॉइट, क्लीव्हलँड, पुढे शार्लट येथे गेलेल्यांचे एकंदरीत बरेच झाले असावे. कोलवुड या खाणवस्तीतील होमर हिकम नावाचा मुलगा पुढे अंतराळ संस्थेत अभियंता झाला. त्याच्या आठवणींवर १९९९ मध्ये निघालेला चित्रपट वाचकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. त्या कथेतील यश म्हणजे गाव सोडता येणे, हेही लक्षात असेल.

पण या तर्कात एक गृहीतक दडलेले आहे. माणसे गेली की मागे राहिलेल्यांचा खर्चही त्या प्रमाणात आकसतो असे आपण मानतो, आणि तो आकसत नाही. पाच मैलांच्या दरीत शंभर घरांना पाणी पुरवणारी नळवाहिनी वीस घरे उरली तरी पाच मैलांचीच राहते. तिची गळती वाढते, कारण ती म्हातारी होते. तिचा दर वाढतो, कारण वाटेकरी कमी होतात. आणि उरलेले वाटेकरी हेच सर्वांत गरीब व सर्वांत वृद्ध असतात, कारण जाऊ शकणारे आधीच गेलेले असतात. मॅकडॉवेलमध्ये हे अक्षरशः घडले. कंपन्यांनी वस्त्यांसाठी बांधलेल्या पाणीयोजना कंपन्या गेल्यावर बेवारस झाल्या. काही लहान नगरपालिकांच्या गळ्यात पडल्या, काही काउंटीच्या सार्वजनिक सेवा मंडळाने एकेक करून आपल्याकडे घेतल्या. काही वस्त्यांत पाणी उकळून प्या ही तात्पुरती समजली जाणारी सूचना वर्षानुवर्षे लागू राहिली. कित्येक घरांचे सांडपाणी आजही नळीवाटे थेट ओढ्यात जाते, कारण मलनिस्सारणाला सपाट जागा नाही आणि ग्राहकसंख्या इतकी विरळ की कोणत्याही प्रकल्पाचा हिशेब जुळत नाही. त्यात पूर येतात : २००१ चा जुलै, २००२ चा मे, २०२५ चा फेब्रुवारी. दरीच्या तळाशी बांधलेल्या घरांना वर सरकायला जमीन नसते, कारण डोंगर भूकंपन्यांचे.

माणसाला मदत, जागेला नको, हे वाक्य मी अलीकडे उच्चारत नाही. माणूस कोठे तरी राहतो आणि नळ त्या कोठे तरीच घालावा लागतो.

प्रशासकीय यंत्रणेविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्या वाचकांना त्यात रस असतो. काउंटीला आपल्यासारखा जिल्हाधिकारी नाही. सहा वर्षांसाठी निवडलेले तीन आयुक्त कारभार पाहतात. शेरीफ निवडून येतो आणि वेस्ट व्हर्जिनियात तो पोलीसप्रमुख असण्याबरोबरच कोषाधिकारी व करसंकलकही असतो! मालमत्तेचे मूल्य ठरवणारा अधिकारी वेगळा निवडला जातो, सरकारी वकील वेगळा, शिक्षण मंडळ आणखी वेगळे. स्वराज्याच्या दृष्टीने हे आदर्श वाटेल, आणि माझ्या केंद्रीय सेवेतील काही सहकाऱ्यांना ते मोहक वाटते. पण जेथे मालमत्तेचे मोठे मालक बाहेरचे असतात आणि मतदार मात्र त्यांच्याच पगारावर जगतात, तेथे निवडून आलेला मूल्यनिर्धारक डोंगराखालच्या कोळशाचे मोल किती लावील याची कल्पना करणे अवघड नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी ॲपलेशियातील सहा राज्यांच्या ८० काउंट्यांतील भूमालकीची जी मोठी पाहणी झाली, तिचा निष्कर्ष असाच होता : खनिज-हक्कांवर अत्यल्प कर, अनुपस्थित मालकी प्रचंड. ज्या दशकांत संपत्ती जमिनीतून वर येत होती त्या दशकांत तिचा पुरेसा अंश काउंटीत थांबला नाही. नंतर थांबवायला काही उरले नाही.

परिणाम आकड्यांत दिसतात. २०१० च्या अंदाजानुसार येथील पुरुषाचे सरासरी आयुर्मान ६४ वर्षे होते, तर शेजारच्याच राज्यातील, राजधानीलगतच्या फेअरफॅक्स काउंटीत ते ८२. सर्वाधिक श्रीमंत देशाच्या नागरिकांत अठरा वर्षांचे अंतर. वेदनाशामक औषधांच्या व्यसनाने एक पिढी पोखरली आणि नातवंडे सांभाळणारे आजीआजोबा हे येथील नेहमीचे दृश्य झाले. शाळा इतक्या ढासळल्या की २००१ मध्ये राज्याने त्यांचा ताबा घेतला आणि तो २०१३ मध्ये परत दिला. २०१६ च्या जानेवारीत काउंटीतील एकमेव मोठे विक्रीभांडार, वॉलमार्ट, बंद झाले. शंभराहून अधिक नोकऱ्या गेल्याच, शिवाय त्याच्या उरलेल्या मालावर चालणारी धर्मादाय अन्नपेढीही अडचणीत आली. प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. शिक्षक संघटनेच्या पुढाकाराने २०११ पासून सरकारी आणि खासगी संस्थांची एक आघाडी तेथे काम करू लागली. डोंगरवाटांवर चारचाकी रानगाड्या हाकायला येणाऱ्या पर्यटकांमुळे काही घरांना उत्पन्न मिळते. परंतु एका खाणीने दिलेल्या पगाराची बरोबरी शनिवार-रविवारचे पर्यटन करू शकत नाही.

आता पुन्हा लोकसंख्येच्या आकड्याकडे. २०२० चा १९,१११ हा आकडा दिसतो त्याहून वाईट आहे. २०१० च्या जनगणनेनंतर, त्याच वर्षी, काउंटीत हजाराहून अधिक कैदी ठेवता येतील असा केंद्रीय तुरुंग सुरू झाला. अमेरिकी जनगणना कैद्याला तो जेथे बंदिस्त आहे तेथील रहिवासी मोजते. म्हणजे दहा वर्षांत सुमारे तीन हजारांची जी घट नोंदली गेली, ती स्वेच्छेने राहणाऱ्यांपुरती पाहिली तर आणखी मोठी भरेल. तुरुंग हा तेथे विकास प्रकल्प म्हणूनच आणला गेला होता, हे वेगळे सांगायला नको. दुसरी एक विलक्षण गोष्ट : १९०० चा आकडा १८,७४७ आणि २०२० चा १९,१११ हे जवळजवळ सारखे आहेत. एकशेवीस वर्षांनी काउंटी आकड्याने तेथेच परतली. मात्र १९०० ची माणसे नुकतीच आलेली, तरुण होती, आणि त्यांना वाहून न्यावी लागेल अशी शंभर वर्षांची जुनी वस्ती मागे नव्हती.

आपल्याकडे हे घडेल का, असा प्रश्न या विषयावर बोलताना मला विचारला जातो. धनबादची लोकसंख्या २०११ मध्ये २६.८ लाख होती. त्या जिल्ह्याचे मॅकडॉवेल होईल असे मी म्हणणार नाही. तेथे शेती आहे, व्यापार आहे, सपाट जमीन आहे. पण कोळसापट्ट्यातील एखाद्या वसाहतीत उभे राहून पाहावे. क्वार्टर कंपनीचे, पाणी कंपनीचे, वीज कंपनीची, दवाखाना कंपनीचा, शाळेची बसही कंपनीची. आपली कंपनी सरकारी आहे आणि त्यामुळे ती माणुसकीने वागते, हे मी मान्य करतो. पण भूमिगत खाण बंद झाल्यावर त्या वसाहतीची पाण्याची टाकी कोणाची, हा प्रश्न मालकी सरकारी असल्याने सुटत नाही. नगरपालिका म्हणते आमच्या हद्दीत नाही, जिल्हा परिषद म्हणते आमच्या योजनेत नाही, कंपनी म्हणते आमचे उत्पादन थांबले.

२०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान ही व्यवस्था आली. जुन्या पट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्यांवर १० टक्के इतकी रक्कम जिल्ह्यातच ठेवणारी ही तरतूद मला गेल्या काही दशकांतील महत्त्वाच्या वित्तीय सुधारणांपैकी एक वाटते. मॅकडॉवेलला १९१० मध्ये अशी तरतूद लाभती तर तिचा इतिहास निराळा झाला असता. परंतु हा पैसा आपण खर्च कशावर करतो? रस्ते, सभागृहे, शाळाखोल्या, म्हणजे पुन्हा त्याच चढत्या रेषेवर. या निधीतून बांधलेल्या प्रत्येक वास्तूची देखभाल खाण बंद झाल्यानंतर कोण करील, याचा रकाना मंजुरीच्या प्रस्तावात असायला हवा, आणि निधीचा ठरावीक हिस्सा खाणीच्या आयुष्यानंतरच उघडता येईल असा कुलूपबंद ठेवायला हवा. खाणबंदीसाठी आपण आज जी रक्कम वेगळी ठेवायला लावतो ती कशी मोजली जाते? २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत उघड्या खाणीसाठी हेक्टरी ६ लाख रुपये आणि भूमिगत खाणीसाठी हेक्टरी १ लाख रुपये असा दर धरला होता. दर पुढे बदलले, समाजविकासाचा उल्लेखही वाढला, पण हिशेबाचे एकक हेक्टरच राहिले. खड्डा बुजवायचा तर हेक्टर ठीक. भूमिगत खाणीवर तर माणसे अधिक अवलंबून असतात आणि जमीन कमी लागते. म्हणजे जेथे गाव उजाड होण्याचा धोका मोठा तेथेच ठेव लहान. माझ्या मते या ठेवीचा एक भाग हजेरीपटावरील माणसांच्या आणि वसाहतीतील नळजोडण्यांच्या संख्येवर मोजला जावा. असे केल्याने कोळसा किंचित महागेल, हे उघड आहे. तो आज स्वस्त आहे तो कुणाच्या तरी उद्याच्या पाण्याच्या खर्चावर.

असो. मॅकडॉवेलच्या रस्त्यांवर काही ठिकाणी डोंगरातून आलेली एखादी नळी रस्त्याच्या कडेला उघडी सोडलेली असते. पाणी कधी झऱ्याचे असते, कधी बंद पडलेल्या खाणीतून झिरपणारे. घरच्या नळाचे पाणी गढूळ येते म्हणून लोक मोटार थांबवतात, प्लास्टिकचे कॅन भरतात आणि जातात. त्या नळीला मापक नाही, दर नाही, आणि ती कोणत्याही मंडळाच्या नोंदवहीत नाही.